मेडलावरचा गुलाल

वडगाव, बेळगाव
१६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय सुनयना मधाळे मॅडम,

नमस्कार. मी आरोही बिर्जे. तुमच्या भावाचा नातू भीमरत्न माझ्या क्लासमध्ये आहे, त्यानंच पत्ता दिला. म्हणाला, "आजीला फोनवर काय ऐकू येत न्हाय, व्हॉट्सॲप ती बघत न्हाय. पत्र लिव. रिटायर्ड टीचर हाय, उत्तर नक्की देती. चुकाबी काढती." म्हणून आधीच सॉरी. माझं सगळं इंग्लिश मीडियमला झालं. कन्नड सेकंड लँग्वेज, मराठी थर्ड. बोलते तसंच लिवते.

मॅडम, मी मेडलं गोळा करते. ब्रिटिशांच्या काळात लढाईवर गेलेल्या सिपायांना मिळालेली. पप्पा म्हणतात, "लोकांच्या पोरी सोनं जमवत्यात, आमची भंगार जमवती." पण या भंगाराची एक गोष्ट लई भारी असते. नाण्याच्या कडेला जिथं रेघा असतात ना, तिथं ज्याला मेडल दिलं त्याचं नाव कोरलेलं असतं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. त्या नावावरनं माणूस शोधायचा. खरा नाद हाच.

तर पहिल्या महायुद्धाचं एक चांदीचं मेडल मला मिळालंय. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावर तलवारवाला. कडेला इंग्लिशमध्ये नंबर आणि मग: सिपाई भरमा शिदू, १११ महार. मी क्लासच्या ग्रुपवर टाकलं, "निपाणी साइडचं कोण आहे का, कुणाच्या घरात हे नाव आहे का?" तर भीमरत्न उडालाच. "आमच्या घरातलं नाव हाय हे!"

खरंच का? कोण होते ते? कुठं लढले? परत आलते का? आणि दुसरं. या चांदीच्या मेडलाला जोडीला एक ब्राँझचं मेडल असतंयच. ते तुमच्याकडं आहे का? बघायला मिळेल का? विकायचं असेल तर मला पहिला चान्स द्या, प्लीज. जोडी तुटलेली असली की माझं कशात लक्ष लागत न्हाय. मार्चमध्ये पुण्याला कलेक्टर लोकांचं प्रदर्शन आहे. मी सुताराकडनं पेटीसुद्धा करून घेतलीय, आत निळं वेलवेट, दोन गोल खड्डे. एक खड्डा रिकामा बघवत न्हाय.

उत्तराची वाट बघते.
आरोही


निपाणी
२४ ऑक्टोबर २०२४

चि. आरोही, सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. चुका काढल्या नाहीत. काढायला बसले असते तर उत्तराला शिमगा उजाडला असता.

भरमा शिदू हे माझे आज्जा, वडिलांचे वडील. बेळगावात भरती झाले, जहाजात बसले आणि तिकडंच तापानं गेले. तिकडं म्हणजे कुठं, ते माझ्या आजीला कुणी नीट सांगितलंच नाही. आजीचं नाव तानीबाई. तेव्हा तिच्या पदरात एकच लेकरू, ते आमचे आप्पा. नवऱ्याचं प्रेत नाही, राख नाही. टपालानं दोन पदकं आली. पोस्टमननं कडेवर बोट ठेवून सांगितलं, "बाई, हितं तुझ्या मालकाचं नाव हाय."

लढाईत गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात ठेवायची तेव्हा पद्धत होती. त्याला वीर म्हणत. टाकाला चांदी कुठली आणणार ती? पदक चांदीचंच होतं. तिनं वरची दांडी मोडून काढली आणि पदकच देवांत ठेवलं. ब्राँझचं ट्रंकेत राहिलं.

पुढं आप्पांनी धम्मदीक्षा घेतली. घरातले सगळे देव पाटीत भरले आणि वेदगंगेवर नेले. मी सात वर्षांची, काठावर उभी होते. आजी पाटी धरून होती. "ह्यो देव न्हाय रं, माझा माणूस हाय." आप्पा म्हणाले, "पूजला न्हवं? मग देवच झाला, आये." पाटी पालथी झाली. आजीनं मरेपर्यंत आप्पांच्या हातचं पाणी घेतलं नाही.

मी आप्पांना चूक म्हणत नाही. मी बौद्ध आहे आणि मनापासून आहे. पण आजीचा तो आवाज अजून कानात आहे. आता दुसरं काही ऐकू येत नाही, तो येतो.

तेव्हा तुझ्याकडचं पदक एक तर खोटं आहे, नाहीतर नदीतून आलंय. तू नुसतं "मिळालंय" लिहिलंस. कुणाकडून?

ब्राँझचं माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यात आहे. ते विकायला नाही.

सुनयना मधाळे


वडगाव
२८ ऑक्टोबर २०२४

सुनयना आज्जी (मॅडम लिवू वाटंना आता),

तुमचं पत्र मी उभ्यानंच वाचलं, दारात, पोस्टमन जायच्या आधी. शेजारचे माग चालू होते, त्या खटखटीत मोठ्यानं वाचलं. मम्मी म्हणाली, "काय झालं गं, रिझल्ट लागला काय?"

आज्जी, मेडल खोटं न्हाय! दांडी मोडल्याची खूण आहे. मला वाटलेलं कुणीतरी नुसतीच तोडली असेल. घोड्याची बाजू इतकी झिजलीय की घोड्याला नाक न्हाय, माणसाला तोंड न्हाय. राजाची बाजू मात्र नव्यासारखी. अक्षरांच्या खाचांत गुलाबी पावडर बसलीय. मी टूथपिकनं काढणार होते, पण कलेक्टरचा रूल असतोय, काहीही घासायचं न्हाय.

मला ते इथंच बेळगावात एका चांदीवाल्याकडं मिळालं. वितळवायच्या ढिगात पडलेलं. त्याला कुणी आणून दिलं ते त्याला आठवत न्हाय म्हणाला. नदीतनं कुणालातरी सापडलं असणार.

ब्राँझचं विकू नका, ठीक आहे. पण प्रदर्शनाला चार दिवस देता का? दोन्ही शेजारी ठेवून एक फोटो तरी? मला दिवसभर तेवढंच दिसतंय. काल स्कूटी घेऊन ट्यूशनला निघाले आणि पिरनवाडीपर्यंत तशीच गेले, तिथं गेल्यावर कळलं.

आरोही


निपाणी
७ नोव्हेंबर २०२४

आरोही,

तू खोटं बोलतेस. रागावून लिहीत नाही. सगळा जन्म वर्गात गेला माझा, गृहपाठ घरी राहिलाय म्हणणारं पोर मला मागच्या बाकावरूनही कळतं.

वितळवायच्या ढिगातल्या चांदीला गुलाल कशाला लागेल? आमच्या आजीनं फक्त हळद-कुंकू वाहिलं. गुलाल जोतिबाचा. घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला देव म्हटलं की आपल्या भागात जोतिबाच. कुणाला तरी ते नदीत सापडलं, त्यानं घोडा बघितला आणि देव्हाऱ्यात बसवलं. घोडा वर, राजा खाली. रोज आंघोळ घालून घोडा झिजवला. ते पदक दुकानातून नाही, घरातून आलंय. आणि ते घर तुला माहीत आहे.

आणखी एक कर. आजी दुपारी विड्या वळून झाल्या की पदक मांडीवर घ्यायची आणि पोस्टमननं दाखवलेल्या जागी अंगठा फिरवत बसायची. वाचता येत नव्हतं. तंबाखूनं अंगठा खरखरीत झालेला. तेव्हा नाव आहे तेवढीच कड गुळगुळीत असली पाहिजे आणि पलटणीची अक्षरं बोटाला टोचली पाहिजेत. डोळे मिटून बघ. फोटोवरून हे कळणार नाही.

ते पदक तुझ्याकडं आहे ना?

सुनयना


वडगाव
१८ नोव्हेंबर २०२४

आज्जी,

नव्हतं. माझ्याकडं कधीच नव्हतं. पेटीतले दोन्ही खड्डे रिकामे होते.

मेडल माझ्या शामूमामाच्या देव्हाऱ्यात होतं. मामाचं गाव वेदगंगेच्या काठावर, तुमच्या निपाणीपासून लांब न्हाय. नवरात्राआधी मामीनं देव उजळायला माझ्या हातात दिले. लहानपणापासून बघितलेला जोतिबा, पहिल्यांदाच हातात घेतला. जड लागला. टाक तर पत्र्यासारखा पातळ असतोय. उलटा केला तर राजा! मी फक्त फोटो काढले आणि परत ठेवलं. तुम्हाला घर सांगितलं असतं तर तुम्ही थेट मामाकडं गेला असता आणि मला मेडल कधीच मिळालं नसतं. म्हणून चांदीवाला.

आईचे आज्जा रवळू. उन्हाळ्यात म्हशी धुताना त्यांना ते वाळूत सापडलं. "नदीतनं देव आला" म्हणून वाजत-गाजत घरी आणलेला. तवापासनं दर रविवारी गुलाल. प्रत्येक लग्नाआधी जोतिबाच्या डोंगरावर भेटवायला नेतात. माझ्या आईच्या लग्नातबी नेलता.

तुमचं पत्र आलं आणि मी दुसऱ्या दिवशीच गावाला गेले. मामी म्हणाली, "परीक्षा सोडून देव धरलास व्हय गं?" मी डोळे मिटून अंगठा फिरवला. आज्जी, खरं आहे. महार पलटणीची अक्षरं टोचतात. मग एकदम काहीच न्हाय. डोळ्याला नाव दिसतंय, बोटाला न्हाय. मला रडू आलं. मामीला वाटलं अंगात आलं.

मग मामा आला. मी न राहवून सांगितलं. "मामा, ह्यो जोतिबा न्हाय. मेडल हाय. बघ, कडेला नंबर हाय."

"असू दे की. देवाचंबी आधार कार्ड काढलं आसंल सरकारनं."

मामी हसली, मीबी हसले. मग मी पुढचं वाचून दाखवलं. भरमा शिदू. पलटण.

कुणी हसलं न्हाय.

मामा उठला. खांद्यावरचा टॉवेल काढला, टॉवेलात धरून मेडल उचललं आणि चहाच्या रिकाम्या डब्यात टाकलं. सकाळी त्याच बोटानं त्यानं त्याला गंध लावलेलं. "हे भाईर बोलायचं न्हाय. सौरवचं लग्न ठरवायचं हाय." सौरव म्हणजे त्याचा मुलगा, माझा भाऊ.

मामी म्हणाली, "सत्तर वर्सं आमचा निवद खाल्ला तवा न्हाय व्हय जात दिसली?"

मामा तिच्यावर ओरडला न्हाय. डबा माझ्याकडं सरकवला. "तुला पायजे हुतं न्हवं? घे. घाल तुझ्या पेटीत."

घेतलं मी. आता ते खरंच माझ्याकडं आहे. मला वाटलेलं हातात आलं की नाचेन. बसमध्ये डबा मांडीवर होता आणि मला तो नुसता खाली ठेवू वाटत होता.

आरोही


निपाणी
२६ नोव्हेंबर २०२४

आरोही,

पत्र तीनदा वाचलं. टॉवेलची ओळ चारदा.

आप्पांनीही त्याला टाकलं. पण आप्पांनी उघड्या हातानं टाकलं. ते मी बघितलंय.

तू लिहिशील की मी आणून देते. आणू नको. पोस्टानंही पाठवू नको. तुझ्या मामांनी यावं. त्यांनी स्वतःच्या हातानं, टॉवेल न लावता, माझ्या हातात ठेवावं. आमच्या घरी बसावं, पाणी प्यावं. तेवढं झालं तर घेईन. नाहीतर तुझ्या पेटीत राहू दे. आजीच्या माणसाला मी असं कुणाच्या तरी लाजेखातर, चोरून घरात घेणार नाही.

मला ते पुजायचं नाही. आमच्या विहाराच्या वाचनालयात ठेवायचंय, नावासकट. पोरांनी बघावं की हा माणूस होता, देव नव्हता.

तुझाही जीव त्यात अडकलाय, ते कळतं मला. म्हणून तुझ्यावर सोपवत नाही.

सुनयना


वडगाव
२२ डिसेंबर २०२४

आज्जी,

एवढे दिवस लिवलं न्हाय कारण लिवायला काय नव्हतं. मामाला पाच-सहा वेळा फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "बघू." मग, "ऊस तोडायला आलाय, येळ न्हाय." मग उचलायचाच बंद झाला. मी गावाला गेले तर मागच्या दारानं शेतावर गेला. मामी सांगत होती, देव्हाऱ्यात मेडलाची जागा रिकामी आहे, तिथं ती रविवारी एक फूल ठेवते. मामा ते फूल बघतोय, काढत न्हाय. जेवणबी अर्धं टाकतोय.

पुण्याच्या प्रदर्शनाची शेवटची तारीख ३१ आहे. तुमच्याशी खोटं बोलायचं न्हाय म्हणून सांगते: मी दोन वेळा मेडल पेटीत ठेवून बघितलं. एका खड्ड्यात एकदम बरोबर बसतंय. फॉर्म भरला, सबमिट दाबलं न्हाय. दिवसभर घरात येरझाऱ्या घालते. मम्मी म्हणते तुला कुणीतरी आवडतोय.

आज्जी, मामा न्हाय येणार. तुम्ही त्याला ओळखत न्हाय. त्याला वाईट वाटतंय हे मला दिसतंय, पण लोक काय म्हणतील हे त्याला त्याच्यापेक्षा मोठं दिसतंय. मी येऊ का घेऊन? प्लीज. माझ्याकडनं हे सांभाळणं होत न्हाय.

आरोही


निपाणी
३० डिसेंबर २०२४

प्रिय आरोही,

काल रविवारी तुझा मामा आला.

दार वाजलेलं मला कळलं नाही. भीमरत्न घरी होता, त्यानं येऊन हातानं खुणावलं. बाहेर मोटरसायकल, गुळाची ढेप हातात, चपला गल्लीतच काढलेल्या. मी म्हटलं, आत या. आत येईना. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. मी म्हटलं, "ऐकू येत नाही हो मला, मोठ्यानं बोला."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. जरा आवाज वाढवला. मी कानामागं हात धरला. "आणखी मोठ्यानं."

मग तो ओरडलाच. "तुमचा आज्जा सत्तर वर्सं आमच्या देव्हाऱ्यात हुता! आमी त्याला डब्यात टाकला! माझं चुकलं!"

समोरची अक्काताई गॅलरीत आली. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला इस्त्री उभी करून बघायला लागला. सगळ्या गल्लीनं ऐकलं. तुला एकटीला सांगते, मला पहिल्यांदाच त्याच्या ओठांवरून कळलं होतं. पण वर्गात आवाज चढल्याशिवाय मी कुणाला बाकावर बसवलं नाही कधी.

मग बसला. आधी पाणी प्याला, मग चहा. कप खाली ठेवताना म्हणाला, "आमच्या आज्जानं चोरलं न्हाय वो. नदीनं दिलं." मी म्हटलं, माहीत आहे, मी काठावर होते.

उठताना त्यानं दुसरं पदक बघायला मागितलं. मी सुईदोऱ्याच्या डब्यातून काढून दिलं. त्यावर पंख असलेली एक बाई आहे. उजेडात धरून विचारतो, "ही कुठली देवी वो?"

मी म्हटलं, "कुठलीच नाही. पाया पडू नका!" हात अर्धे जुळलेच होते. तसेच खाली घेतले आणि हसला. भीमरत्न तर स्वयंपाकघरात जाऊन हसत होता.

चांदीचं तुझ्याकडं आहे म्हणून तो मोकळ्या हातानं आला होता. पुन्हा येतो म्हणालाय. बारा जानेवारीच्या रविवारी, मामीलाही घेऊन. तू पदक घेऊन ये. दारात त्याच्या हातात दे, तो माझ्या हातात देईल. नैवेद्य-बिवेद्य आणायचं नाही म्हणून मामीला बजाव, जेवण माझ्याकडं आहे.

गुलाल तसाच राहू दे. तोही त्या माणसाच्या वाट्याला आलेलाच आहे.

तुझं प्रदर्शन हुकलं असेल. वाईट वाटलं.

सुनयना आजी


वडगाव
३ जानेवारी २०२५

सुनयना आजी, जयभीम.

प्रदर्शन हुकलं न्हाय, मीच फॉर्म डिलीट केला. मामाचा फोन आलता, आवाज बसलाय त्याचा. म्हणतो, "तुझी म्हातारी लई ओरडाय लावती गं." गावात आता सगळ्यांना कळलंय. सौरवदादाच्या सोयरिकीचं एक घर मागं सरलं. मामा म्हणाला, "जाऊ दे. त्या घरची पोरगी आणली असती तर रोजच टॉवेल लागला असता." मामी विचारतेय, निवद न्हाय तर न्हाय, शेंगाच्या पोळ्या चालतील का? जेवायला म्हणून?

पेटी मी घेऊन येतेय. तुमच्या वाचनालयाला. दोन्ही खड्डे आता तुमचेच. आत लावायला चिठ्ठी लिवलीय, कलेक्टर लोक लिवतात तशी: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. मग वाचली आणि फाडली. आता असं लिवलंय: "भरमा शिदू. तानीबाईचा नवरा. निपाणी." नंबर आणि पलटण खाली, बारक्या अक्षरात. चुका असतील तर तिथंच लाल पेनानं काढा.

बाकी बारा तारखेला भेटूच. तोवर मेडल माझ्या टेबलावर आहे, डब्यातनं काढून ठेवलंय. काल अभ्यास करता करता सहज हातात घेतलं. थोड्या वेळानं बघितलं तर माझा अंगठा त्याच जागी फिरत होता, गुळगुळीत आहे तिथं. झटक्यात थांबवला. आजी, नाव अजून वाचता येतंय. ते झिजायच्या आत पोचवते.

तुमची
आरोही